एकट्या गाडीचा वर्ग

त्या ओल्या फडक्याचा रंग मला अजून आठवतो. पिवळा. गाड्यांच्या काचा पुसायचं, कडांचे दोरे सुटलेलं फडकं होतं ते. मोटर क्लबच्या चपराशानं ते बादलीत बुडवलं, पिळलं आणि काळ्या फळ्यावर सगळ्यांत वर लिहिलेली माझ्या बाबांची वेळ एका फटक्यात पुसून टाकली. त्याचा दोष नव्हता. त्याला मंडपातून हुकूम आला होता. पुसलेल्या जागी ओला डाग राहिला आणि नागपूरच्या उन्हात असा डाग वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तो राहिला. तेवढ्या वेळात मी ठरवलं की हे मी फेडीन. बाबा त्या वेळी गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकून नट आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी पाहिलंच नाही असं मी धरून चालले आणि त्याचाही मला राग आला. आता माझं वय असं आहे की या वयात माणसं क्षमेवर व्याख्यानं देतात. मलाही बोलावतात. मी दुसरा विषय मागून घेते.

आम्ही लकडगंजात राहत होतो. चारी बाजूंना लाकडाच्या वखारी आणि आरा मशिनी. सकाळी आठला पहिला आरा सुरू झाला की घरातलं बोलणं ओरडण्यात बदलायचं आणि संध्याकाळी मशिनी थांबल्या तरी आम्ही तासभर ओरडतच असायचो. पाहुण्यांना वाटायचं या घरात भांडण चालू आहे. भुसा सगळीकडे असायचा. वाळत घातलेल्या कपड्यांत, पाण्याच्या माठावरच्या झाकणावर, रविवारच्या तर्री-पोह्यांत. माझी माय कुहीकडची, भाताच्या मुलखातली. ज्वारीची भाकर ती करायची उत्तम, पण तिला जेवण म्हणायची नाही. "पोटात भात गेला नाही तं माणूस नुसता बसून राहिला, जेवला नाही," असं तिचं मत होतं. दीक्षेच्या वेळी मी तिच्या पोटात होते, म्हणून बावीस प्रतिज्ञा हिनं जन्माआधीच घेतल्या, त्यात उलट उत्तर न देण्याची एखादी असती तर बरं झालं असतं, असं बाबा माझ्याबद्दल म्हणत.

घरामागं टिनाचं शेड होतं, तेच बाबांचं गॅरेज. तुळशीराम मिस्त्री म्हटलं की इतवारीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंतचे गाडीवाले ओळखायचे. ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मुठीकडची बाजू कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तिसरा रडून राहिला." तिसरा सिलिंडर. ते दिवस असे होते की विलायती गाडीचा सुटा भाग देशात मिळत नसे. तरी शहरात पाचसहा विलायती गाड्या ऐटीत फिरायच्या, आणि त्या कशा फिरतात हे फक्त आमच्या शेडला माहीत होतं. एकीत अँबेसेडरचा कार्बुरेटर, दुसरीत जीपचं रेडिएटर. बाहेरून राणीच्या देशातली, आतून आपल्या गल्लीतली. काढलेला जुना भाग बाबा घासलेटात धुवायचे, फडक्यात बांधायचे, तारेनं पत्र्याची चिठ्ठी अडकवायचे आणि मालकापुढं धरायचे. मालक म्हणायचे, काय करायचंय, फेक. बाबा फेकायचे नाहीत. शेडच्या मागच्या फळीवर ती गाठोडी ओळीनं बसलेली असायची. त्याबद्दल त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी मला चाळणीत नट धुताना शिकवला होता. "गाडीच्या पोटात काय हाय ते मालकाले माहीत आणि मिस्त्र्याले. तिसऱ्याले नाही."

आमच्या शेडातली सगळ्यांत दिमाखदार रोगी म्हणजे मालगुजारसाहेबांची लाल गाडी. दोन आसनांची, छत नसलेली, खाणीतल्या कोण्या परत जाणाऱ्या इंग्रजाकडून घेतलेली. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, सरकारनं कधीच काढून घेतली होती, पण साहेबांच्या मिशांतून ती काढायला कुणी गेलं नव्हतं. ते मोटर क्लबचे अध्यक्ष होते. दर थंडीत हा क्लब शहराबाहेरच्या एका मैदानावर मोटारींची चढाओढ भरवायचा. रिकामे ड्रम मांडून नागमोडी वाट आखलेली असायची. एका वेळी एकच गाडी सुटायची, घड्याळ लावलेलं असायचं, ड्रमला धक्का लागला की पाच सेकंद दंड. ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला. सगळे हौशी, धंद्यानं शर्यत खेळणारा कुणी नाही. आता लहान इंजिनाच्या गाडीनं मोठीशी कसं लढावं, म्हणून गाड्यांचे वर्ग पाडलेले. देशी बंद गाड्यांचा एक वर्ग, विलायती दोन आसनी गाड्यांचा स्पोर्ट्स वर्ग आणि ज्या कशातच बसत नाहीत त्यांच्यासाठी विशेष वर्ग. सारख्यानं सारख्याशी लढावं हा हेतू. ऐकायला न्याय्य वाटतो. कोण कोणासारखं हे मात्र मंडपात बसलेली माणसं ठरवतात. मंडपात चहा चिनी मातीच्या कपांतून मिळायचा आणि मंडपाबाहेर काचेच्या पेल्यांतून. कुणी जात विचारली नाही. शिकलेली माणसं जात विचारत नसत, पेला पुढं करत.

त्या पहिल्या वर्षी बाबांनी आपली हेराल्ड ही छोटी, देशी बनावटीची गाडी उतरवली. अपघातात चेपलेली ही गाडी त्यांनी भंगारवाल्याकडून आणली होती आणि तीन वर्षं उरल्यासुरल्या वेळात उभी केली होती. छत नव्हतं, कारण छत चेपलं होतं. मागचं आसन नव्हतं, कारण ते मायनं ओसरीवर बसायला घेतलं होतं. देशी गाड्यांच्या वर्गात नाव नोंदवून बाबा सुटले आणि ड्रमांमधून असे निघाले की लोक हसायचे थांबले. दिवसातली सगळ्यांत कमी वेळ. लाल गाडीपेक्षाही कमी. मग मंडपात बैठक बसली. निकाल असा आला की हेराल्डला छत नाही, म्हणून ती बंद गाडी नव्हे. विलायती नाही, म्हणून स्पोर्ट्स नव्हे. म्हणून ती विशेष. विशेष वर्गात त्या दिवशी ती एकटीच होती आणि नियम चार सांगत होता की ज्या वर्गात तीनपेक्षा कमी गाड्या, त्याला करंडक नाही आणि त्याची वेळ दिवसाच्या यादीत धरायची नाही. मग ते पिवळं फडकं आलं. करंडक मालगुजारसाहेबांनी उपाध्यक्षांच्या हातून घेतला आणि भाषणात म्हणाले की खेळात हरजीत महत्त्वाची नसते. जिंकलेल्या माणसाला हे नेहमी आठवतं.

पुढच्या वर्षी नियमांची नवी पत्रकं निघाली, सायक्लोस्टाइल केलेली, इंग्रजीत. मी तेव्हा कॉलेजात होते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माझा पहिला कायदा तोच. पुढं नोकरीभर मी नियमच वाचत आले, आणि एक गोष्ट पक्की कळली आहे: एका माणसाला अडवण्यासाठी लिहिलेला नियम नेहमी घाईत लिहिलेला असतो. नियम अकरा नवीन होता. ज्या गाडीत तिच्या कारखान्याचा नसलेला एकही यांत्रिक भाग असेल, ती गाडी विशेष वर्गात. हेराल्डमध्ये बाबांनी दहा ठिकाणचे भाग जोडले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला कायमचं एकटं बसवण्यासाठी साहेबांनी स्वतः हे कलम सांगून लिहून घेतलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग शेडात गेले आणि मागच्या फळीकडे बघत उभी राहिले.

"काय पाहून राहिली वं?" बाबांनी गाडीखालून विचारलं.

"काही नाही. धूळ बसली."

"मंग पुस. पण हलवू नोको."

शनिवारी सकाळी मैदानावर गाड्यांची तपासणी होती. माय कुहीहून तांदूळ आणायची ती कापडी पिशवी मी खांद्याला अडकवली होती. तपासणीच्या टेबलाशी वझलवार सर बसले होते, इंजिनियरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, एका कानानं अधू आणि दोन्ही डोळ्यांनी नियमाला चिकटलेले. ते सगळ्यांच्या गाड्यांची बॉनेटं उघडून बघत होते. लाल गाडी आली तेव्हा ती फक्त थांबली, साहेबांनी हात वर केला आणि ती पुढं निघाली. अध्यक्षांचं बॉनेट उघडायची पद्धत नव्हती.

"सर, हिचं बॉनेट राहिलं," मी म्हणाले.

"काय?" सरांनी चांगला कान पुढं केला.

आरा मशिनीच्या शेजारी वाढल्याचा त्या दिवशी उपयोग झाला. "हिचं बॉनेट राहिलं! नियम अकरा! मला हरकत नोंदवायची आहे!"

मैदानावर सगळे वळून बघायला लागले. साहेब गाडीतून उतरले. "ये लडकी कोण आहे?"

"तुळशीराम मिस्त्रींची मुलगी."

"अच्छा." ते बाबांकडे वळले. "मिस्त्री, पोरगी कॉलेजात जाते वाटतं?"

"जी."

"दिसून राहिलं." मंडपात हसू फुटलं. "उघडा हो वझलवार, उघडा. बच्ची का दिल रख लो. सगळं ओरिजनल आहे."

सरांनी बॉनेट उघडलं, चष्मा कपाळावर सारला आणि डिस्ट्रिब्युटरवर बोट ठेवलं. चार सिलिंडरना पाळीपाळीनं ठिणगी वाटून देणारा नारळाएवढा तो भाग. "हा या गाडीचा?"

"अर्थात. विलायतेहून आलेला."

मी पिशवीतून गाठोडं काढलं आणि टेबलावर सोडलं. बाबांच्या हातची पत्र्याची चिठ्ठी त्याला तशीच लटकत होती. "मग हा कुणाचा?"

सरांनी तो हातात घेतला, त्यावरचा ठसा वाचला, गाडीतला वाचला, पुन्हा हातातला वाचला. मग मला नाही, साहेबांना नाही, तर बाबांना विचारलं. "तुळशीराम, तुम्ही सांगा. गाडीत आहे तो कुठला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर रागाची असती तर मी सहज झेलली असती. एखाद्यानं जोर लावून बोल्टचे आटे घालवले की बाबा त्या बोल्टकडे जसं बघत तसं त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "जी, अँबेसेडरचा. मीच बसवला."

नियम अकरा आता सुटलाच होता. सरांनी स्पोर्ट्स वर्गातल्या उरलेल्या दोन गाड्याही उघडल्या. एक डॉक्टरसाहेबांची, दुसरी त्यांच्या मेव्हण्याची. कार्बुरेटर, रेडिएटर. सरांनी पेन उचललं आणि तिन्ही गाड्या विशेष वर्गात लिहिल्या, हेराल्डच्या खाली. चार गाड्या. करंडक लागू. डॉक्टर मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "चला, निदान आता कळेल कोण चालवतं ते." मेव्हणा हसला नाही, पण डॉक्टरांच्या पुढं तो बोलायचाही नाही. साहेबांचा चेहरा मात्र गाडीच्या रंगाचा झाला. मिस्त्र्याच्या वर्गात, मिस्त्र्याच्या नावाखाली. मला त्या क्षणी जे सुख झालं ते पुढं पदवीनं झालं नाही, नोकरीनं नाही, आणि लग्नानं झालं असं म्हणणं आमच्या यजमानांनाही पटत नाही.

पण पत्रकात आणखी एक ओळ होती. रविवारी सकाळपर्यंत फेरतपासणीची मुभा. दुपारी बाराला लाल गाडी आमच्या शेडापुढं उभी होती.

"ओरिजनल बसव," साहेब म्हणाले. "आजच्या आज. मला माझा वर्ग परत पाहिजे."

"साहेब, त्याचं बुश गेलं आहे. दांडा हलते. ठिणगी जागेवर पडत नाही, म्हनून तं काढला होता."

"मी तुझं मत विचारलं?"

"नाही जी."

"मग बसव."

बाबांनी माझ्या पिशवीतून गाठोडं मागून घेतलं. जेवायला बसेपर्यंत मला उद्देशून बोललेले शब्द एवढेच, "दे इकडे" आणि "पाना दे". मायनं भात वाढला, वर अंबाडीची भाजी, लसणाची फोडणी वरून. बाबा जेवत होते, आरा ओरडत होता आणि मी वाट बघत होते. शेवटी माय म्हणाली, "बोला तरी तिच्याशी. तुमच्यासाठीच केलं ना पोरीनं."

बाबांनी भाताचा घास कालवला. "जितली वं कुंदे तू. पण माह्या धंद्याचं कुलूप तोडून जितली."

मी ताटातला भुसा बोटानं वेचत राहिले. म्हणून पस्तावले असं कुणी समजू नये.

संध्याकाळी गाडी परत गेली तेव्हा तिचा आवाज मला शेडातून ऐकू आला. खोकल्यासारखा. बाबांनी चांगलं बसवलं नसेल अशी शंका कुणाला यायची शक्यता होती, म्हणून सांगते: त्यांनी ते चारदा जुळवलं. जेवढं जुळण्यासारखं होतं तेवढं जुळलं होतं.

रविवारी विशेष वर्ग आधी धावला. डॉक्टर गेले, एक ड्रम पाडून आले आणि स्वतःवरच हसले. मेव्हणा सावधपणे जाऊन सावधपणे आला. मग बाबा. त्यांनी चप्पल काढून आसनाखाली सारली, अनवाणी पाय पेडलवर ठेवले आणि निशाण पडलं. मी गाडीकडे बघितलंच नाही, मी नुसतं ऐकलं. ते मला त्यांनीच शिकवलं होतं. चौघे सिलिंडर एकसारखे बोलत होते, कुणी रडत नव्हता. वळणावर आवाज खाली यायचा, लगेच भरायचा, पुन्हा खाली यायचा. ड्रमचा टिनासारखा ठणका एकदाही आला नाही. थांबल्यावर वझलवार सरांनी घड्याळ कानाला लावलं, चालू आहे ना याची खात्री केल्यासारखं, आणि वेळ फळ्यावर लिहिली गेली. सगळ्यांत वर. गेल्या वर्षीपेक्षाही कमी. मी चपराशाकडे बघितलं. फडकं त्याच्या खांद्यावर होतं, कोरडं.

मग सरांनी भोंगा तोंडाला लावला. "स्पोर्ट्स वर्ग. गाडी एक. नियम चारप्रमाणे करंडक नाही. वेळ यादीत धरली जाणार नाही."

आपला वर्ग मिळवायच्या नादात साहेबांनी हे मोजलंच नव्हतं. डॉक्टरांच्या आणि मेव्हण्याच्या गाड्यांचे जुने भाग दुरुस्तीपलीकडचे होते; त्या दोघी मिस्त्र्याच्याच वर्गात राहिल्या होत्या. ज्या रिकाम्या खोलीत त्यांनी आम्हांला कोंडलं होतं तशाच खोलीत ते स्वतःच्या पायांनी जाऊन बसले होते. तरीही ते म्हणाले, मी धावणार. लोकांना दिसू दे. लाल गाडी रेषेवर आली, निशाण पडलं, ती दोन गाड्यांच्या लांबीएवढी पुढं गेली, मागच्या नळीतून बंदुकीसारखा बार निघाला आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बार. मैदानाच्या कडेला बसलेली पोरंटोरं टाळ्या वाजवायला लागली. तिसऱ्यांदा तेवढंही झालं नाही.

आणि मग माझे बाबा उठून तिकडे चालायला लागले. अनवाणी, हातात फडक्यात काहीतरी घेऊन. माझं डोकं फिरलं. ज्यानं तुमची वेळ पुसली त्याची गाडी ढकलायला निघालात? मी मागोमाग धावले, त्यांना ओढून परत आणायला.

बाबा गाडीच्या दाराशी वाकले. आवाज अगदी खालचा, शेडात गिऱ्हाइकाशी बोलायचे तसा. "साहेब, कालचा अँबेसेडरचा काढून ठेवला होता, तो आणला आहे. दहा मिनिटं लागतील. मस्त धावेल." मग फडक्याची गाठ सोडत, "वर्ग तेवढा बदलेल, जी."

साहेबांनी त्यांच्या हाताकडे बघितलं, मग फळ्याकडे. फळ्यावर विशेष वर्गात चौथं नाव लिहायला जागा होती. सगळं मैदान बघत होतं. मला वाटतं, त्या माणसाला गाडी चालवायला खरंच आवडायचं. त्याचा हात स्टीअरिंगवरून हलत नव्हता.

"नको," ते म्हणाले.

"जी," बाबा म्हणाले आणि बाजूला झाले. चपराशी आणि आणखी दोघांनी मिळून ती लाल, अस्सल, शंभर टक्के विलायती गाडी ढकलत मैदानाबाहेर नेली. ढकलताना चपराशानं हात लागलेली जागा पिवळ्या फडक्यानं पुसली.

करंडक देताना साहेबांनी बाबांकडे बघितलं नाही. तो कप मायनं पुढं मीठ ठेवायला वापरला. लाल गाडी आमच्या शेडात पुन्हा आली नाही, आणि दुसऱ्या कुणाला ती जमली नाही. ती बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी राहिली, बरीच वर्षं, आपल्या वर्गात.

त्या दिवशी परत येताना बाबांनी फडक्यातला भाग माझ्या तांदळाच्या पिशवीत टाकला. हेराल्डला छत नव्हतं, भुशाचा वास लकडगंजाच्या अलीकडूनच यायला लागला होता. मी म्हणाले, "बाबा, बदला मी घेतला, आणि तुम्ही त्याला मदत करायला गेले?"

बाबांनी वळणावर गिअर उतरवला. मग म्हणाले, "तुले काय वाटलं वं, फळा पुसला तवा मी खरंच नट आवळून राहिलो होतो?"